एका टँकरचे तीन आकडे

ऑगस्टमधला सोमवार, रात्रीचे साडेआठ. पुण्याच्या हद्दीवरच्या एका डेअरीत १०,००० लिटर गाईच्या दुधाचा टँकर येऊन उभा राहिला. फॅट, एसएनएफ (चरबी सोडून बाकीचे घन पदार्थ), आम्लता, सीओबी (उकळल्यावर दूध फाटतं का) सगळं ठीक. पावसाळ्यात या डेअरीत प्रत्येक टँकरची अफ्लाटॉक्सिन एम१ या बुरशीजन्य विषासाठी एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून रंगावरून मोजणारी चाचणी, होते, तशी याचीही लावली. दहाच्या सुमारास रात्रपाळीच्या विश्लेषकाने क्वालिटी विभागाच्या प्रमुखांना फोन केला.

"मॅडम, सहाशे चाळीस आलंय."

"ड्युप्लिकेट जुळतायत का?"

"जुळतायत. सहाशे पंचवीस आणि सहाशे चोपन्न."

एकच नमुना दोनदा लावतात, ती जोडी म्हणजे ड्युप्लिकेट. एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) दुधासाठीची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५०० नॅनोग्रॅम. (किट लिटरमागे बोलतं आणि कायदा किलोमागे. दुधाची घनता १.०३ च्या आसपास असल्याने फरक तीन टक्क्यांचा, इथे तो सोडून देऊ.) टँकर नापास धरून दूध वेगळ्या सायलोत घेतलं. मंगळवारी सकाळी त्याच नमुन्याचा आकडा ४८६ आला आणि दुपारी ३८२. एकच नमुना आणि एकाच लॉटचं किट, तरी सोळा तासांत तीन आकडे, त्यातला एक मर्यादेच्या वर, एक मर्यादेला चिकटलेला, एक स्पष्ट खाली. संकलन केंद्रावाल्यांनी "तुमचं मशीनच बिघडलंय" असं म्हणणं साहजिक होतं. मशीन ठीक होतं. पहिल्या दोन आकड्यांच्या चुका वेगवेगळ्या होत्या आणि त्या ज्याच्या त्याच्या प्लेटवर सापडल्या.

रंग कमी म्हणजे विष जास्त

चुका समजायला ही एलायझा नेमकी कशी चालते ते आधी पाहावं लागेल. एम१ हा ३२८ रेणूभाराचा चिमुकला रेणू. बुरशी लागलेल्या खाद्यातलं अफ्लाटॉक्सिन बी१ गाईच्या पोटात गेलं की यकृतात त्याला एक हायड्रॉक्सिल गट चिकटतो आणि ते एम१ होऊन दुधात उतरतं. गरोदरपणाच्या चाचणीतलं एचसीजी किंवा थायरॉइडचं टीएसएच ही मोठी प्रथिनं. त्यांना दोन अँटिबॉडी दोन बाजूंनी धरतात, जणू सँडविच. एम१ वर दोन अँटिबॉडी बसायला जागाच नाही. म्हणून इथे एकच अँटिबॉडी आणि तिच्यासाठी स्पर्धा. वेलच्या (प्लेटवरच्या छोट्या खळग्याच्या) तळाला एम१ विरोधी अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. दुधातलं एम१ आधी येऊन जागा अडवतं आणि उरलेल्या जागांवर एचआरपी विकर जोडलेलं एम१, म्हणजे कॉन्जुगेट, बसतं. मग टीएमबी (एचआरपीमुळे निळं होणारं रसायन) घातलं की जितकं कॉन्जुगेट बसलं असेल तितका निळा रंग. दुधात एम१ जास्त असेल तर कॉन्जुगेटला जागा कमी, म्हणून रंगही कमी.

यातून एक गोष्ट निघते, आणि या प्रकरणाचा बराचसा भाग तीच आहे: रंग ज्या कारणाने घटेल, त्या प्रत्येक कारणाने एम१ चा आकडा फुगतो. कॉन्जुगेट जुनं झालं, वॉश बफर टिकावा म्हणून कुणी त्यात सोडियम अझाइड घातलं (एचआरपी त्याने मरतं), टीएमबी फ्रिजमधून काढून गारच ओतलं, की निर्दोष दूधही विषारी दिसतं. सँडविच पद्धतीत अशा चुकांनी रुग्ण निरोगी दिसतो, इथे चांगलं दूध नापास होतं.

त्या लॅबमधल्या किटची पद्धत अशी. दूध १० अंश सेल्सिअसला गार करून ३,५०० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. वर सायीची घट्ट चकती येते. पाश्चर पिपेट तिच्या कडेने खाली सरकवून मधलं स्किम दूध घ्यायचं. पिपेटच्या टोकाला सायीचा ठिपका लागला तर टिश्यूने पुसायचा, कारण चरबी वेलमध्ये गेली की ती भिंतीला चिकटते आणि वॉशने निघत नाही. मग स्टँडर्ड (एम१ चं प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण) किंवा नमुना १०० मायक्रोलिटर, ३० मिनिटं अंधारात. प्रत्येकी २५० मायक्रोलिटरने वॉश, प्लेट उलटी करून टिश्यूच्या जाड थरावर आपटायची. कॉन्जुगेट १०० मायक्रोलिटर, १५ मिनिटं. पुन्हा वॉश. टीएमबी १०० मायक्रोलिटर, १५ मिनिटं अंधारात. शेवटी १०० मायक्रोलिटर सल्फ्युरिक आम्लाचं स्टॉप द्रावण घातलं की निळा रंग पिवळा होतो आणि तो १५ मिनिटांच्या आत ४५० नॅनोमीटरवर वाचायचा.

किटचे स्टँडर्ड ०, ५, १०, २५, ५० आणि १०० नॅनोग्रॅम प्रतिलिटर. या लॉटवर त्यांच्या ओडी (रंगाच्या गडदपणाचं माप) अनुक्रमे १.९२, १.५९, १.३६, ०.९४, ०.६२ आणि ०.३७ येत होत्या. म्हणजे २४ च्या आसपास रंग निम्मा होतो, आणि या आकड्यांवरून काढलेल्या वक्राचा भरवशाचा पट्टा साधारण ८ ते ६० चा.

इथेच कुणालाही शंका यावी. भारतातली मर्यादा ५०० आणि किट १०० लाच संपतं? कारण साधं आहे. अशी बरीच किटं युरोपसाठी घडवलेली असतात आणि तिथली मर्यादा ५० नॅनोग्रॅम आहे. आपल्याकडे ५०० चा निर्णय द्यायचा तर दूध पातळ करूनच वक्रावर आणावं लागतं. १० पट पातळ केलं की ५०० चं ५० होतं आणि वक्राच्या वापरण्याजोग्या भागात बसतं.

पहिला आकडा: ६४०

सोमवारी रात्री नमुना पातळ केलाच नव्हता. स्किम दूध थेट वेलमध्ये गेलं. शिवाय वेल वाचवायचे म्हणून स्टँडर्ड लावले नव्हते. सहा स्टँडर्ड दोन-दोन वेलमध्ये लावले तर १२ वेल जातात, म्हणजे ९६ च्या किटचा आठवा हिस्सा. त्याऐवजी शुक्रवारचा साठवलेला वक्र सॉफ्टवेअरमध्ये वापरला.

नमुन्याच्या दोन ओडी ०.०७१ आणि ०.०६८. शेवटच्या स्टँडर्डची ओडी ०.३७ असताना ०.०७ हे उत्तर वक्राच्या बाहेर लांब कुठेतरी पडतं. तिथे उत्तर एकच, "१०० पेक्षा जास्त, पातळ करून पुन्हा लावा". पण सॉफ्टवेअर लॉजिट-लॉग पद्धतीने, म्हणजे गणिताने वक्र सरळ करून, रेष ओढत होतं आणि रेषेला शेवट नसतो. तिने ६२५ आणि ६५४ असे आकडे दिले.

हे आकडे किती तकलादू होते पाहा. त्याच रेषेवर ओडी ०.०७ असेल तर ६३०-६४०, ०.०९ असेल तर ४८८ आणि ०.११३ असेल तर ३८४. पास आणि नापास यांच्यात ०.०२ ओडीचं अंतर, आणि रिकाम्या प्लेटच्या प्लॅस्टिकचीच ओडी ०.०४५ असते. वेलच्या बुडाला बोटाचा डाग असला तरी तेवढा फरक पडतो.

प्रत्यक्षात डाग नव्हता. रीडरच्या फाइलमध्ये पाहिल्यावर कळलं की शुक्रवारचा वक्र ब्लँक (रिकाम्या वेलची ओडी) वजा न करता साठवला होता आणि सोमवारच्या प्रोटोकॉलमध्ये ब्लँक वजा करण्याचा पर्याय चालू होता. कच्ची ओडी ०.११५ च्या आसपास होती, तिच्यातून ०.०४५ गेले आणि ०.०७ उरले. दोन्ही वेलमधून तेवढेच गेले, म्हणून ड्युप्लिकेट छान जुळले. ड्युप्लिकेट जुळणं म्हणजे पिपेटिंग सारखं झालं एवढंच. दोन्ही वेल मिळून चुकत असतील तर ते जुळूनच चुकतात.

साठवलेला वक्र वापरणं ही या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त वाटणारी आणि सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. खोलीचं तापमान दोन अंशांनी बदललं, टीएमबी अर्धा मिनिट जास्त राहिलं, तर सगळ्या प्लेटचा रंग सरकतो. स्टँडर्ड त्याच प्लेटवर असतील तर तेही सोबत सरकतात आणि हिशोब सांभाळला जातो. शुक्रवारच्या स्टँडर्डना सोमवारचं हवामान माहीत नसतं.

दुसरा आकडा: ४८६

मंगळवारी सकाळी नमुना दहापट पातळ केला आणि स्टँडर्डही ताजे लावले. इथवर बरोबर. नमुन्याचे दोन वेल मात्र शेजारी नव्हते. एक प्लेटच्या मध्यावर डी-६ मध्ये आणि दुसरा, जागा उरली म्हणून, अगदी कोपऱ्यात एच-१२ मध्ये. ओडी ०.६९ आणि ०.५८. सरासरी ०.६३५ वरून ४८६ निघाले आणि "पास, पण काठावर" अशी नोंद झाली.

वेल वेगवेगळे वाचले तर डी-६ म्हणतो ४२८ आणि एच-१२ म्हणतो ५५४. एकाच प्लेटवर एकच दूध पासही आणि नापासही. दोन ओडींचा सीव्ही (सरासरीच्या तुलनेत आकड्यांमधला फरक) १२ टक्के होता आणि लॅबच्या स्वतःच्या कार्यपद्धतीत १० च्या वर गेला तर चाचणी पुन्हा लावायची असं लिहिलेलं होतं. सरासरी काढल्यावर ते कुणी पाहिलं नाही. वेल दूर पडले हे एका अर्थी नशीबच. दोन्ही कोपऱ्यात असते तर ते छान जुळून ५५०-५६० म्हणाले असते आणि दूध पुन्हा नापास झालं असतं.

कोपऱ्यात काय होतं ते शोधायला उरलेल्या पट्ट्यांवर, मधल्या आणि शेवटच्या स्तंभात, सगळीकडे शून्य स्टँडर्ड लावला. मध्यावर १.९०, एच-१२ मध्ये १.६०, शेजारच्या जी-१२ मध्ये त्याच्या जरा वर. सोळा टक्के घट. प्लेट ठेवायच्या ओट्यावर डोळे वर करून पाहिलं तर एसीची झडप नेमकी त्या कोपऱ्यावर रोखलेली. कोपऱ्यातल्या वेलना दोन बाजूंनी हवा लागते, आणि टीएमबीच्या १५ मिनिटांत विकराचा वेग तापमानावरच चालतो. कोपरा गार पडला, रंग कमी आला, आकडा फुगला. उलटंही होतं. फ्रिजमधली गार प्लेट थेट उबदार ओट्यावर ठेवली की कडा आधी तापतात, कडेला रंग जास्त येतो आणि आकडा खोटा कमी दिसतो. उपाय असा: पट्ट्यांची पिशवी न फोडता निदान अर्धा-पाऊण तास खोलीत ठेवायची (ऑगस्टच्या दमट हवेत गार पिशवी फोडली की वेलमध्ये दव धरतं, आणि ते कोरडं ठेवायलाच पिशवीत सिलिका घातलेली असते), प्लेटवर झाकण आणि ती थर्मोकोलच्या पेटीत.

आता उरला डी-६ चा ४२८. तोही खरा नव्हता. नमुना पातळ करायला लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर वापरलं होतं, किटचं डायल्युशन बफर नाही. अँटिबॉडीला पकड घ्यायला ठरावीक क्षार आणि पीएच लागतो. स्टँडर्ड बफरमध्ये आणि नमुना नुसत्या पाण्यात, म्हणजे स्पर्धेचे नियम दोघांना वेगळे. तपासायला सोपं आहे. एम१ नसल्याची खात्री असलेलं दूध घ्यायचं आणि दहापट पातळ करायचं, एकदा पाण्यात आणि एकदा बफरमध्ये. बफरमधल्याचा रंग शून्य स्टँडर्डच्या ९९ टक्के आला, पाण्यातल्याचा ९३. सात टक्के घट किरकोळ वाटते. पण ०.६९ ला ०.९३ ने भागा, ०.७४ येते, आणि ०.७४ चा वक्रावरचा अर्थ ३८२.

तिसरा आकडा: ३८२

दुपारची प्लेट: १०० मायक्रोलिटर स्किम दुधात ९०० मायक्रोलिटर किटचं बफर. "एकास दहा" म्हटलं की काही जण एक भाग दुधात दहा भाग बफर घालतात. ते अकरापट होतं, आणि गुणताना दहानेच गुणलं तर दूध कागदावर नऊ टक्क्यांनी स्वच्छ होतं. नमुने आतल्या स्तंभांत, एसीची झडप वळवलेली, आठ टोकांच्या पिपेटने एकदम ओतलेलं. याआधी एकेरी पिपेटने पहिल्यापासून शेवटच्या वेलपर्यंत जायला पाच-सहा मिनिटं लागत, आणि १५ मिनिटांच्या पायरीत तेवढा फरक चालत नाही.

शून्य स्टँडर्ड १.८८. नमुना ०.७२ आणि ०.७३, म्हणजे ३८२. सोबत वीसपट पातळ केलेला तोच नमुना लावला होता. त्याची ओडी १.०४, वक्रावर १९.४, गुणून ३८८. दोन वेगळ्या पातळीकरणांतून एकच उत्तर निघतं तेव्हा दुधातला दुसरा कुठला घटक अँटिबॉडीच्या आड येत नाही असं मानता येतं. तिसरी खात्री म्हणून स्वच्छ दुधात ३०० नॅनोग्रॅम एम१ मुद्दाम घालून मोजलं, २८५ मिळाले. ९५ टक्के रिकव्हरी.

पक्का निकाल एचपीएलसीचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा. नमुना बाहेरच्या मान्यताप्राप्त लॅबला गेला. तिथली पद्धत आयएसओ १४५०१ ची, आणि गंमत अशी की तिच्यातही अँटिबॉडी आहेतच. ५० मिलिलिटर स्किम दूध इम्युनोअ‍ॅफिनिटी कॉलममधून थेंब थेंब सोडतात, कॉलममधल्या अँटिबॉडी एम१ धरून ठेवतात, पाण्याने बाकीचं धुवून काढलं की सेंद्रिय द्रावकाने एम१ सोडवून घेतात, आणि फ्लुरोसन्स डिटेक्टरवर ३६५ नॅनोमीटरने उद्दीपित करून ४३५ वर मोजतात. फरक एवढाच की इथे अँटिबॉडी फक्त गाळते, मोजणारी नसते. रंग फिका येण्याचा प्रश्नच नाही. बुधवारी संध्याकाळी उत्तर आलं: ३६५.

टँकर पास, पण दूध कुणाचं?

३८२ किंवा ३६५ म्हणजे कायद्याने पास. पण एफएसएसएआयच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ३६८ नमुने एम१ च्या मर्यादेबाहेर निघाले होते, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि टँकर म्हणजे पाच बल्क कूलरची (गावातलं दूध गोळा करून गार ठेवायच्या टाक्यांची) सरमिसळ. प्रत्येक कूलरचा राखून ठेवलेला नमुना लावला. २,००० लिटरच्या पहिल्यात ११०, तेवढ्याच दुसऱ्यात १४०, १,५०० लिटरच्या तिसऱ्यात ९०, २,००० लिटरच्या पाचव्यात २६०. २,५०० लिटरच्या चौथ्याची ओडी ०.३५, म्हणजे शेवटच्या स्टँडर्डपेक्षाही खाली. या वेळी आकडा लिहिला नाही. "१,००० पेक्षा जास्त" लिहून चाळीसपट पातळ केलं, तेही दोन टप्प्यांत: आधी दहापट, मग त्यातलं २५० मायक्रोलिटर ७५० बफरमध्ये. २५ मायक्रोलिटर एकदम मोजायला गेलं तर पिपेटची चूक चाळीसने गुणली जाते. ओडी ०.९०, म्हणजे १,०४५.

लिटरांच्या हिशोबाने पाचांची सरासरी काढली तर ३७७ येते. टँकरच्या ३८२ शी ती जुळली, म्हणजे आकडे एकमेकांना साक्ष देत होते. आणि चौथ्या कूलरचं दूध मर्यादेच्या दुप्पट होतं, फक्त शेजाऱ्यांच्या दुधात मिसळून झाकलं गेलं होतं. पाश्चरायझेशनने एम१ जात नाही. चीज केलं तर उलट केसिनसोबत ते दाटतं.

चौथ्या कूलरच्या गावात खाद्य काय चाललंय याचा उलटा हिशोब करता येतो. गाय दिवसाला १२ लिटर देत असेल तर १,०४५ नॅनोग्रॅमने दुधातून रोज १२.५ मायक्रोग्रॅम एम१ बाहेर पडतं. खाल्लेल्या बी१ पैकी साधारण एक-दोन टक्के दुधात उतरतं, भरपूर दूध देणाऱ्या गाईत सहापर्यंत. दोन टक्के धरले तर रोज ६०० च्या वर मायक्रोग्रॅम बी१ पोटात जातंय. ते चार किलो भरड्यातून येत असेल तर भरड्यात किलोमागे १५० च्या आसपास हवं. पशुखाद्याच्या भारतीय मानकात मर्यादा २० आहे.

गावात बहुतेकांनी एकाच दुकानातून मक्याचा भरडा घेतला होता. पोती भिंतीला टेकून, खाली फळ्या नाहीत, भिंतीला ओल. नमुना घेतानाही चूक सोपी असते. बुरशी पोत्यात सगळीकडे सारखी नसते, एका गुठळीत हजारो आणि शेजारी शून्य. एका पोत्यातून एक मूठ उचलली तर निकाल लॉटरीसारखा. दहा पोत्यांतून बंबीने (पोत्यात खुपसायच्या पोकळ सळईने) वर-मध्ये-खाली मिळून पाच किलो काढलं, सगळं पुन्हा बारीक दळून मिसळलं, त्यातलं २० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर ७० टक्के मिथेनॉलमध्ये हलवलं आणि बी१ च्या वेगळ्या किटवर लावलं. १४० आले. सरकी पेंड आणि मुरघासाचे नमुनेही लावले होते, ते ठीक निघाले.

बुधवारी संध्याकाळच्या धारेपासून तो भरडा बंद झाला. खाद्य बदललं की एम१ तीन-चार दिवसांत उतरतं, म्हणून त्या कूलरचं दूध तोवर वेगळं घेतलं आणि रोज मोजलं. शुक्रवारी ४३०, रविवारी १२०. रविवारचा नमुना दहापटीनेच लावला आणि ओडी वक्राच्या मधल्या पट्ट्यात आली. त्या प्लेटवर स्टँडर्ड होते, बाराच्या बारा वेल.